मोती चौकातले पोथ्यांचे दुकान

"वाचायला हवं आहे की पारायणाला?" गल्ल्यामागे बसलेल्या काकांनी विचारलेल्या या साध्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही, आणि परतीच्या एसटीत कराड मागे पडले तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी शिवलीलामृत मागितले होते, एवढेच. माझी सारी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. पुस्तक मागायला आलेल्या माणसाला काय काय विचारायचे असते हे मला शिकवलेले होते आणि पुढे मीही ते नव्या लोकांना शिकवले : लेखक कोण, आवृत्ती कोणती, घरी न्यायचे आहे की इथेच बसून पाहायचे आहे. परंतु एकाच ग्रंथाकडे दोन निराळ्या गरजांनी माणसे येतात, आणि त्या गरजेप्रमाणे कागद, अक्षर, बांधणी हे सगळेच बदलावे लागते, ही गोष्ट इतक्या वर्षांत कोणी मला समोर उभे करून विचारली नव्हती. काका वाट पाहत होते. त्यांचा एक हात वरच्या फळीकडे गेलेला होता आणि दुसरा खालच्या कप्प्याच्या कडीवर होता. माझ्या उत्तरावर कोणता हात हलायचा ते ठरणार होते.

या दुकानात जायचे हे मी लहानपणापासून मनात धरले होते. त्याचे कारण एक शिक्का. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरी आजीचे शिवलीलामृत होते, आणि त्याच्या पहिल्या पानावर, महादेवाच्या चित्राच्या खाली, जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का होता. दुकानाचे नाव, त्याखाली 'पोथ्या व धार्मिक पुस्तकांचे व्यापारी', आणि सर्वांत खाली 'मोती चौक, सातारा शहर'. आजीचे माहेर परळी खोऱ्यातले, सज्जनगडाच्या पायथ्याकडचे. लग्न ठरल्यावर तिचे वडील तिला घेऊन साताऱ्याला आले, भांडी घेतली, लुगडी घेतली आणि शेवटी या दुकानातून ही पोथी घेतली, असे ती सांगत असे. भांड्यांचे दुकान कोणते, कापडाचे कोणते, हे तिला आठवत नव्हते. पोथीच्या दुकानाच्या मात्र पायऱ्यासुद्धा आठवत होत्या. मी वाचायला लागले तेव्हा जोडाक्षरे असलेला मजकूर म्हणून मी पहिल्यांदा वाचला असेल तर तो हा शिक्का. 'व्यापारी' हा शब्द मला त्या वयात फार भारदस्त वाटला होता आणि केवळ पोथ्याच ठेवणारे एक अख्खे दुकान कसे असेल, याचे चित्र मी पुष्कळ वर्षे मनात रंगवत राहिले.

आजी तिसरीपर्यंत शिकलेली होती. तिला मनातल्या मनात वाचता येत नसे. वाचायचे म्हणजे आवाज काढायचा, हेच तिला माहीत होते. वर्तमानपत्र तिने कधी हातात घेतले नाही, कादंबरीचे तर नाव नको. उभ्या आयुष्यात तिने चार ग्रंथ वाचले : शिवलीलामृत, हरिविजय, पांडवप्रताप आणि हरिपाठ. पण ते किती वेळा वाचले याला गणती नाही. सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय ठरलेला. त्यातला रुद्राक्ष घातलेला कोंबडा आणि रुद्राक्ष घातलेले माकड हे माझ्या बालपणातले जिवंत प्राणी होते. श्रीधरांनी हा ग्रंथ शके १६४० मध्ये, म्हणजे इ.स. १७१८ मध्ये, बारामतीत पूर्ण केला हे मला पुढे अभ्यासातून कळले. आजीला श्रीधर कोण, कुठला, याच्याशी कर्तव्य नव्हते. 'श्रीधर' ही मुद्रा अध्यायाच्या शेवटी आली की ती हात जोडत असे, तेवढीच तिची आणि कवीची ओळख.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि आमच्या घराचा तळमजला बुडाला. त्या पुराबद्दल सांगलीकरांना मी काही नव्याने सांगायला नको. नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्यात गेली, तिथे आमच्या देवघराखालच्या खणाची काय कथा. पाणी उतरल्यावर खण उघडला तेव्हा चारही ग्रंथ चिखलात एकमेकांना चिकटून एक वीट होऊन बसले होते. भिजलेले पुस्तक वाचवायचे कसे हे मला ठाऊक होते, दर काही पानांनंतर टीपकागद घालायचा, तो भिजला की बदलायचा, पुस्तक उन्हात न ठेवता वाऱ्यावर सुकवायचे. शिवलीलामृतावर मी ते सगळे केले. छपाईची शाई तेलाची असते, त्यामुळे ओव्या जागच्या जागी शाबूत होत्या. पण पाने सुटत नव्हती, ओढली की त्यांचा लगदा हातात येत होता. पहिले पान तेवढे अख्खे निघाले. महादेव होते, जटेतली गंगा होती, आणि खाली जिथे शिक्का होता तिथे एक फिकट जांभळट डाग उरला होता. शिक्क्याची शाई पाण्यात विरघळून गेली होती.

गल्लीत कचऱ्याचे डंपर उभे होते. गाद्या, कपाटे, शाळेची दप्तरे, सगळे त्यात जात होते. पण पोथ्या डंपरात टाकायला कोणाचा हात धजत नव्हता. घरोघरचे बायाबापडे लाल फडक्यात बांधलेले ओले गठ्ठे उचलून घाटाकडे चालले होते, कारण पोथीचे विसर्जन करायचे ते नदीतच. जिने त्या पोथ्या नेल्या होत्या तिच्याच पाण्यात त्या पुन्हा सोडायच्या, आणि सोडताना तिलाच नमस्कार करायचा, हे पाहताना मला राग यावा की रडू यावे हे कळत नव्हते. मीही माझा गठ्ठा सोडला.

त्यानंतर नोकरी संपली, आणि घराची डागडुजी, आईचे आजारपण यांत काही वर्षे गेली. गेल्या हिवाळ्यात मी सकाळची एसटी धरली. पोवई नाक्यावरून राजपथाचा चढ चढत मोती चौकापर्यंत चालत गेले. समोर अजिंक्यताऱ्याचा काळा कडा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंदी पेढ्यांची दुकाने आणि त्यांतून येणारा भाजलेल्या खव्याचा वास. दुकान अजून असेल की नाही याचीच मला धास्ती होती. ते होते. नावाची पाटी नवी होती, प्लॅस्टिकची, पण तीन दगडी पायऱ्या आजीने सांगितल्या होत्या तशाच होत्या, मधे झिजून खोलगट झालेल्या. आत दोन माणसे आडवी उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावे इतकी ती जागा अरुंद होती, आणि खोली मात्र पार मागच्या वाड्याच्या भिंतीपर्यंत गेलेली. बुक्का, अष्टगंध आणि नव्या कागदाचा मिळून एक वास होता. माळा टांगलेल्या होत्या, गोपीचंदनाच्या वड्या बरणीत होत्या, आणि दोन्ही भिंतींना जमिनीपासून आढ्यापर्यंत ग्रंथच ग्रंथ.

ते कसे लावले आहेत हे मी सवयीने पाहू लागले. ग्रंथालयात ज्ञानेश्वरी कुठे ठेवायची हा आमच्याकडे कायमचा वादाचा विषय होता. दशांश वर्गीकरणात हिंदू धर्माला २९४.५ आणि मराठी साहित्याला ८९१.४६, आणि ज्ञानेश्वरी यांपैकी कोठेही ठेवली तरी दुसऱ्या बाजूच्या प्राध्यापकांना ती सापडत नसे. इथे तसा प्रश्न नव्हता. डाव्या भिंतीला दत्त संप्रदाय, मधे वारकरी, उजवीकडे समर्थ, आणि प्रत्येक संप्रदायात मोठ्या आकाराचे ग्रंथ खाली, लहान वर. सज्जनगडाला जाणारी माणसे गावातून जातात, त्यामुळे दासबोधाच्या प्रती हाताशी. सुट्या पानांच्या आडव्या पोथ्या वेगळ्या कप्प्यात, आडव्याच. लेखकाच्या नावाने काहीही लावलेले नव्हते. मागणारा माणूस लेखकाच्या नावाने मागत नाही हे त्या रचनेला माहीत होते.

काकांना उत्तर द्यायला मला वेळ लागतो आहे हे पाहून त्यांनी दोन्ही हात हलवले आणि दोन्ही प्रती माझ्यासमोर ठेवल्या. एक सार्थ : वर ओवी, खाली बारीक टाइपात अर्थ, आणि चटचटीत रंगीत वेष्टन. दुसरी नुसती मूळ, अक्षर ठळक, ओळी सुट्या. "सार्थ वाचायला," ते म्हणाले, "आणि ही पारायणाला. अर्थ असला की नजर खाली उतरते आणि ओवी चुकते." मग त्यांनी मूळ प्रत मधोमध उघडून फळीवर ठेवली, तळव्याने एकदा दाबली आणि हात काढून घेतला. पुस्तक उघडे ते उघडेच राहिले. शेजारी सार्थ प्रत तशीच उघडली, तर ती हळूहळू मिटली. "डिंकाची आहे. ही जुजबंदी शिलाईची. पारायणाला बसलेला माणूस पान धरून बसत नाही, ताई. हात जोडायला मोकळे लागतात." शिवलेल्या आणि चिकटवलेल्या बांधणीतला फरक मला पाठ होता. पुस्तक किती वर्षे टिकेल या हिशेबाने मी तो शिकले होते. वाचणाऱ्याचे हात कुठे असतात या हिशेबाने कधी पाहिला नव्हता.

त्या सकाळी मी बराच वेळ तिथे थांबले. काकांनी स्टूल दिले आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते बोलत राहिले. त्यांच्या धंद्याला स्वतःचे पंचांग आहे. आषाढीच्या आधी खिशात मावतील असे हरिपाठ जातात, कारण माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी याच जिल्ह्यातून पुढे जाते आणि वाटेत सामील होणारी माणसे इथून घेऊन जातात. श्रावणात शिवलीलामृत आणि नवनाथ भक्तिसार. नवरात्रात सप्तशती. मार्गशीर्षात गुरुवारच्या महालक्ष्मी व्रताच्या पातळ पुस्तिका आणि दत्तजयंतीच्या आधीच्या सप्ताहासाठी गुरुचरित्र. माघात दासनवमी, तेव्हा दासबोध. आणि अधिक मास आला की सगळे गणित बदलते, कारण लोक वाण म्हणून ग्रंथ देतात आणि एकेक माणूस तेहतीस-तेहतीस प्रती मागतो. दाते आणि रुईकर पंचांगांचे गठ्ठे संपतात केव्हा हे पाडव्याच्या आसपास कळतच नाही. साहित्याच्या पुस्तकाला नवे म्हणून मिरवण्याचे दिवस थोडे असतात, मग ते मागे सरकते. इथे तीनशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ दरवर्षी ठरल्या महिन्यात पुन्हा पुढच्या फळीवर येतो.

अकराच्या सुमारास एक म्हातारी आल्या. नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात नायलॉनची पिशवी. त्यांना हरिपाठ हवा होता, 'मोठ्या अक्षराचा'. "केवढ्या मोठ्या, आज्जी?" असे विचारून काकांनी तीन आकार ओळीने मांडले. आज्जींनी प्रत्येक पुस्तक हात लांब करून धरले, मग जवळ आणले, चष्मा वर सरकवून पाहिले, खाली सरकवून पाहिले. परीक्षा म्हणून त्या उघडलेल्या पानावरचा अभंग म्हणू लागल्या, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर पुस्तकावरून उठून रस्त्यावरच्या रिक्षाकडे गेली तरी अभंग चालूच राहिला, पुढचा सुरू झाला, त्यापुढचाही. मला राहवले नाही. "आजी, तुम्हाला तर सगळा पाठ आहे." त्या माझ्याकडे नवलाने पाहत म्हणाल्या, "मग? पान उलटाया नको?" आणि सगळ्यांत मोठ्या अक्षराची प्रत पिशवीत घालून त्या पायऱ्या उतरून गेल्या.

पाठ असलेला मजकूर पुस्तकातून वाचायचा, हे मी आजीचे पाहत आले होते, पण त्याचा विचार केला नव्हता. आजीसुद्धा अकरावा अध्याय पोथीशिवाय म्हणू शकत असे. आजारपणात तिने तो तसा म्हटलाही. पण सोमवारी न्हाऊन, पोथी सोडून, फडके घडी करून, बोट ओळीवर ठेवून म्हणायची तेव्हा ती निराळी होती. पुस्तक तिला आठवण करून देण्यासाठी लागत नव्हते. त्या आज्जींनाही लागत नव्हते. एखाद्या माणसाला आपण आतून-बाहेरून ओळखत असलो तरी त्याच्या समोर जाऊन बसतो, तसे ते बसणे होते.

मी सांगलीची असल्यामुळे छापील धर्मग्रंथ म्हटला की मला मिरज आठवते. इ.स. १८०५ मध्ये मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरून भगवद्गीता छापवून घेतली. मूळ खटपट पुण्यात नाना फडणविसांच्या आश्रयाने सुरू झालेली होती. ते वारले आणि कारागीर मिरजेस आला. एकेक पान म्हणजे एकेक पत्रा, चूक झाली की सगळा पत्रा वाया. काकांना हे सांगितले तर त्यांना ते माहीत होते. उलट त्यांनीच मला विचारले की, पहिल्या छापील पोथ्या सोवळ्यातल्या माणसांनी हातात घेतल्या नव्हत्या हे ठाऊक आहे का? शाईत चरबी असते, म्हणून छापील कागदाचा विटाळ. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये पंचांग छापले, १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली, तो हा काळ. चरबीऐवजी तूप घालून शाई केल्याची गोष्ट जुन्या मुद्रकांबद्दल सांगतात. पोथ्या सुट्या पानांच्या आणि आडव्याच छापायच्या, हातच्या लिहिलेल्या वाटाव्यात म्हणून, ही रीतही त्याच काळातली, आणि ती अजून काकांच्या खालच्या कप्प्यात चालू आहे. ज्या वस्तूला स्पर्श करायला त्या लोकांचा जीव कचरत होता, तिलाच आज आपण सोवळ्यात ठेवतो. कोणाचा विटाळ केव्हा सुटेल हे सांगता येत नाही, आणि तो सुटतो हे पाहून मला त्या अरुंद दुकानात फार बरे वाटले.

कारण डाव्या भिंतीवरचे गुरुचरित्राचे जाड ग्रंथ पाहताना मला मघापासून बरे वाटत नव्हते. आमच्या घरी गुरुचरित्रही होते, आजोबांचे. औदुंबर आणि नरसोबाची वाडी आमच्या दोन अंगांना, दत्त संप्रदाय आमच्याकडे हवेतच आहे. दत्तजयंतीच्या आधी आजोबा सात दिवसांचा सप्ताह करत. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, असे ठरलेले टप्पे. आजी दाराशी बसून ऐकत असे. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये, असा दंडक. आजोबा गेल्यावर तो ग्रंथ फडक्यात बांधलेला तसाच राहिला. आजी दर गुरुवारी त्याला फूल वाहायची आणि परत शिवलीलामृत उघडायची. तिला वाचता येत होते, ग्रंथ घरात होता, मधे कोणी आडवे उभे नव्हते, आणि तरी तिने तो उघडला नाही. तिच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण त्या न उघडलेल्या ग्रंथाचे दुःख मला अजून होते, आणि ते मी कोणत्याही शास्त्राधाराने कमी करून घ्यायला तयार नाही.

मी हा विचार करत असतानाच एक मुलगी आली, बहुधा रुग्णालयातून रात्रपाळी करून तशीच आलेली, पांढऱ्या गणवेशावर स्वेटर घातलेली. तिने गुरुचरित्र मागितले, आणि काकांनी तोच प्रश्न तिला विचारला. "पारायणाला," तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, आणि मग जरा चाचरत विचारले की, पाळ्या बदलत असतात, तर वेळ रोज तीच नसली तर चालेल का, आणि बायकांनी वाचावे की नाही असे म्हणतात त्याचे काय? काकांनी ग्रंथ काढला, शिलाई पाहिली, मधली चार पाने उलटून छपाई फिकी नाही ना हे पाहिले. "तो प्रश्न गुरुजींचा, बाळ. माझ्याकडचे प्रश्न अक्षराचे आणि शिलाईचे. ग्रंथ मागायला कोणी आले की मी देतो. आणि घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आता बायकाच आहेत." मग पहिल्या पानांतली सात दिवसांच्या वाटणीची यादी तिला बोटाने दाखवली आणि पाचव्या दिवशी फक्त तीन अध्याय असले तरी ते मोठे आहेत, त्या दिवशी रात्रपाळी धरू नकोस, असे सांगितले. त्या मुलीने ते मोबाइलमध्ये टिपून घेतले.

या दुकानातले सगळेच मला आवडले असे म्हणता येणार नाही. गल्ल्याजवळच्या तारेच्या जाळीत कालसर्प, वास्तुदोष, अमुक दिवसांत धनप्राप्ती, असल्या पुस्तिका टांगलेल्या होत्या आणि त्यांच्या वेष्टनावरचे रंग ज्ञानेश्वरीच्या प्रतींपेक्षा लांबून दिसत होते. भीती विकणारे छापील कागद आणि धीर देणारे ग्रंथ एकाच छपराखाली असावेत हे मला खुपते, आणि ते मी काकांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. याच पुस्तिकांवर दुकानाचे वीजबिल निघते, दासबोधावर निघत नाही, एवढेच म्हणाले. धार्मिक ग्रंथांच्या किमती कमी ठेवायच्या ही रीत गीता प्रेसने १९२३ पासून साऱ्या देशाला लावून दिली. घेणाऱ्यांचे त्यात भले झाले, परंतु लहान दुकानदाराच्या हाती त्यातून उरणार काय, हेही खरे. तरीही त्या जाळीकडे माझी नजर गेली की मला वाईट वाटत राहिले.

आपल्याकडे वाचनसंस्कृती संपत चालल्याची भाषणे मी नोकरीच्या निमित्ताने पुष्कळ ऐकली आणि काही स्वतः केलीही. त्या भाषणांत कथा, कादंबरी, कविता, वैचारिक यांची मोजदाद होते. सात दिवसांत बावन्न अध्याय बसून वाचणारी नर्स त्यात येत नाही. हरिपाठाची प्रत झिजली म्हणून नवी घ्यायला पायऱ्या चढणारी आज्जी त्यात येत नाही. हे वाचन श्रद्धेचे आहे, चिकित्सेचे नाही, असा त्यावर आक्षेप घेतला जाईल, आणि मी तो उडवून लावत नाही. चिकित्सेची मला किंमत आहे. याच जिल्ह्यात वाईला धर्मकोशाचे आणि विश्वकोशाचे जे काम झाले त्याच्यावर माझ्या पिढीचे पोषण झाले आहे. पण छापील मराठी ओळीवर बोट ठेवून रोज बसणाऱ्या एवढ्या माणसांना वाचक म्हणायचेच नाही, हा अन्याय आहे. माझ्या हाताखालून हजारो पुस्तके गेली. आजीला शिवलीलामृत जितके ठाऊक होते तितके मला त्यांतले एकही ठाऊक नाही.

निघताना मी शिक्क्याचा विषय काढला. काकांच्या वडिलांच्या काळात प्रत्येक प्रतीवर तो मारत, आता बिल संगणकावर निघते म्हणून बंद झाला. मला वाटले होते तो जाहिरातीसाठी असेल. "जाहिरात कसली? खात्री होती ती," ते म्हणाले. बांधणीत कधी एखादे पान सुटते, कधी एकच पान दोनदा येते. कथा-कादंबरीत एक पान नसले तर चुटपुट लागते. पारायणात एक पान नसले तर पारायणच मोडते. म्हणून शिक्का पाहून, कितीही वर्षांनी आणि कुठल्याही गावाहून माणूस आला तरी, पान भरून द्यायचे. त्यासाठी प्रत्येक ग्रंथाची एक खराब प्रत दुकानात मुद्दाम सुटी करून ठेवलेली असे, आणि त्यातून नेमके ते पान काढून दिले जाई. त्यांनी मागच्या कपाटातला एक पुठ्ठ्याचा खोका उघडून दाखवला. अजून सुटी पाने होती, आकड्यांप्रमाणे लावलेली, पिवळी पडलेली, दोरीने बांधलेली. लहानपणी मी ज्या शिक्क्याकडे पाहत बसत असे, तो सांगलीला निघालेल्या एका नव्या नवरीला दिलेला शब्द होता.

मी मूळ प्रत घेतली, शिलाईची, ठळक अक्षरांची.

घरी आल्यावर सोमवारी मी अकरावा अध्याय मोठ्याने वाचला. मी झपाट्याने वाचणारी आहे. डोळा ओळीच्या मध्यावरून खाली उतरतो आणि मेंदू राहिलेले भरून काढतो, ही सवय नोकरीने लावली. मोठ्याने वाचताना ते करता येत नाही. ओवीचा चौथा चरण यमक सोडून आखूड येतो आणि तिथे श्वास घ्यावाच लागतो, मग पुढची ओवी. पहिल्या पन्नास ओव्यांत माझा घसा सुकला, आवाज चिरकला, दोनदा ओळ चुकून मागे जावे लागले. त्यानंतर मात्र गती सापडली, आणि भद्रसेन राजा, त्याचा मुलगा सुधर्म, महानंदा, कोंबडा, माकड हे सगळे आजीच्या आवाजात नव्हे तर माझ्याच आवाजात, पण तिच्याच चालीवर येऊ लागले. अध्याय संपला तेव्हा श्रद्धा वाढल्याचे मला जाणवले नाही. थकवा जाणवला आणि पुढच्या सोमवारी पुन्हा बसावे असे वाटले.

आवाज खिडकीतून पलीकडे गेला असणार, कारण दुपारी शेजारच्या काकू आल्या. पोथी हातात घेऊन त्यांनी अक्षरावरून बोट फिरवले, उघडून मांडीवर ठेवून पाहिली आणि कुठून आणली ते विचारले. त्यांचा हरिविजय पुरात गेला होता, आणि त्यानंतर आणलेली प्रत चिकटवलेली असल्याने विसाव्या अध्यायानंतर तिची पाने सुटी झाली होती. त्यांच्या मागोमाग त्यांच्या जाऊबाईंना पांडवप्रताप हवा असल्याचे कळले, कोपऱ्यावरच्या आजोबांना दासबोध, आणि समोरच्या इमारतीतल्या सुनेला गुरुचरित्र. मी यादी केली आणि दुकानात फोन लावला. हरिविजयाच्या मोठ्या अक्षरातल्या प्रती संपल्या होत्या, नवी छपाई श्रावणाच्या आधी येईल, तोवर सार्थ प्रत पाठवू का, असे काकांनी विचारले. मी फोनवर हात ठेवून काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, सार्थ नको, मी श्रावणापर्यंत थांबते. तसे मी काकांना कळवले. त्यांनी काकूंचे नाव मागणीच्या वहीत लिहून घेतले आणि बाकीचे ग्रंथ गुरुवारच्या एसटीने पार्सल करतो म्हणाले.